टोकनाआधीची जागा

मित्रांनो, एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते, तिथून सुरुवात करतो. पत्र माझ्या नावावर नव्हते. बाकाला कोण पत्र लिहिणार? मी एक जुना लाकडी बाक आहे. निराधारांना दरमहा मदत देणाऱ्या एका कचेरीच्या व्हरांड्यात असतो. पण त्या पत्रात जे विचारले होते, ते माझ्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते, असे मला वाटते. तो माझा गर्वही असेल. मला बोलायची सवय नाही. कुठे किती सांगावे हे कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मला एका सुताराने आणि त्याच्या मेव्हण्याने मिळून बनवले. मागणी होती चार माणसांच्या बाकाची. मेव्हणा म्हणाला, "दाजी, फळी कापू नका. उरलेला तुकडा चुलीत जाईल नुसता." सुतार म्हणाला, "अरे, मग पाचवा माणूस बसेल का त्यावर?" मेव्हणा म्हणाला, "पाचवा नाही बसणार, पण टेकेल." असा मी साडेचार माणसांचा झालो.

तेव्हा मी कचेरीच्या आत होतो, भिंतीला लागून, खिडकीसमोर. खिडकीतून "या" अशी हाक आली की पहिला माणूस उठायचा आणि बाकीचे एकेक जागा सरकायचे. रांग म्हणजे मीच होतो. सरकून सरकून माझी फळी इतकी गुळगुळीत झाली होती की लहान मुले मुद्दाम घसरायची आणि आयांची बोलणी खायची. कोणी माझ्यावर बसून अर्ज लिहून घ्यायचे, कोणी जागा धरायला पिशवी ठेवायचे. पिशवीवरून भांडणेही व्हायची. मला ते सगळे आवडायचे.

मग एक दिवस एक संशोधक बाई आल्या. सरकारी योजना कागदावरून माणसांपर्यंत कशा पोहोचतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. हेडक्लार्क साहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. त्या म्हणाल्या, "नको, मी यांच्यातच बसते," आणि माझ्या त्या उरलेल्या अर्ध्या जागेवर टेकल्या. बरेच दिवस त्या येत राहिल्या. लोकांना विचारायच्या, ऐकायच्या, लिहायच्या. एकदा पाठ टेकून म्हणाल्या, "बसायला बरा आहे हो हा बाक." मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी काढलेला तो एकच चांगला शब्द. तो मी जपून ठेवला आहे.

त्याच बाईंनी अहवालात लिहिले की लोकांना फार ताटकळावे लागते, इथे टोकन यंत्र बसवावे.

मला वाटले होते, त्या माझ्या आहेत.

यंत्र आले. उभे, पांढरे, गुळगुळीत. त्याच्यासाठी वेगळे टेबल आणि वर धूळ बसू नये म्हणून झाकण. माझ्यावरची धूळ लोक आपल्या कपड्यांनी पुसत आले होते. त्याचे बटण दाबले की चिठ्ठी यायची आणि मग एक गोड आवाज म्हणायचा, "टोकन क्रमांक सात, खिडकी दोन." आधी एकच खिडकी होती. बाईंच्या सांगण्यावरून दुसरी उघडली, तिच्यावर एक नवी कारकून ताई आली. तिचा मला राग नव्हता. माझा सगळा राग त्या यंत्रावर होता. त्याच्याबरोबर स्टीलच्या जोडखुर्च्या आल्या आणि मला उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवले. ठेवताना शिपाई म्हणाला, "ह्याला लाकूडफाट्यात टाकला असता, पण लईच जड आहे." माझा जीव वजनामुळे वाचला. यात अभिमान वाटण्यासारखे काही आहे का, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या यंत्राला एक कला येत होती. चिठ्ठी दिल्यापासून खिडकीवर बोलावेपर्यंत किती वेळ गेला, हे ते स्वतः मोजायचे आणि वरच्या कार्यालयाला कळवायचे. सुरुवातीला वेळ जास्त भरला. वरून हेडक्लार्क साहेबांना झापले गेले. साहेब वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी शिपायाला सांगितले, "खिडकी रिकामी झाल्याशिवाय दार उघडू नकोस. आत येईल त्यालाच चिठ्ठी."

झाले. आतला वेळ एकदम खाली आला. वरून शाबासकीचे पत्रक आले, ते चौकटीत घालून यंत्राच्या डोक्यावर टांगले. आणि दाराबाहेर, उन्हात, माझ्यावर माणसे पूर्वीपेक्षाही जास्त वेळ बसू लागली. साडेचार बसायचे, बाकीचे पायरीवर. ते सगळे थांबणे माझे होते, आणि नाव त्याचे होत होते. दार किलकिले झाले की मला ती चौकट दिसायची आणि माझे लाकूड आतून तापायचे. ते ऊन असेल असे मी स्वतःला सांगायचो. ऊन नव्हते.

मग ते पत्र आले. साहेबांनी ते माझ्यावर बसूनच मोठ्याने वाचले. दुपारी लोक गेले की चहा घ्यायला ते बाहेर यायचे. कारकून ताई शेजारी होती. बाईंनी लिहिले होते, 'टोकन मिळण्याआधी लोक कुठे थांबतात, आणि साधारण किती वेळ? यंत्राच्या आकड्यांवरून दुसरी खिडकी बंद करायचे वर घाटत आहे. माझा अहवाल मागितला आहे. तुम्ही कळवाल तर तो खरा होईल.'

साहेबांनी पत्राची घडी घातली. तिची आणखी घडी घातली.

"सर, उत्तर देणार ना?" ताईने विचारले.

"काय देऊ? दारावर माणसं अडवून ठेवतो असं लिहू? ती चौकट उतरवून माझ्याच गळ्यात घालतील."

"खिडकी बंद झाली तर माझी बदली होईल. माझं जाऊ दे. पण ही माणसं मग संध्याकाळपर्यंत इथंच."

"उत्तर दिलं की मशीन खोटं ठरतं, कळतंय का तुम्हाला?"

"मशीन खोटं कुठं बोलतंय सर? त्याला दाराबाहेरचं दिसत नाही, एवढंच."

मला हे मुळीच आवडले नाही. त्याला खोटारडे म्हणावे, निदान एकदा, असे मला फार वाटत होते. पण ती बरोबर बोलत होती. मी स्वतः तरी दाराआतले काय पाहत होतो?

पत्र साहेबांच्या खिशात गेले. पुढे बरेच दिवस ते खिशातच राहिले. चहा पिताना त्यांचा हात तिकडे जायचा आणि परत यायचा.

एका सकाळी शिपायाला यायला उशीर झाला. किल्ल्या त्याच्याकडे. साहेब येऊन बंद दारासमोर उभे राहिले. खिडकीच्या भोकातून लोकांना फक्त साहेबांचे हात दिसत, त्यामुळे त्यांना कोणी ओळखले नाही. माझ्यावर पहिल्या जागेला शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या. गुडघ्याला पट्टा, मांडीवर पिशवी. आपण जिवंत आहोत हे दाखवायला त्यांना अधूनमधून यावे लागायचे.

"ओ भाऊ, उभे काय राहिलात? तिकडे टेका जरा. माझ्यामागे हे तिघं, मग तुमचा नंबर."

साहेब त्या उरलेल्या जागेवर टेकले.

"पहिल्यांदाच आलात वाटतं," आजी म्हणाल्या. "घाबरू नका. आत गेलं की काम पटकन होतं. आतली माणसं चांगली आहेत हो. आत जाईपर्यंतच काय तो जीव जातो."

शेजारचा माणूस म्हणाला, "आजी, जीव गेला तर मग आत कशाला जायचं? त्याचाच दाखला द्यायचाय ना तुम्हाला?"

सगळे हसले. आजी सर्वांत जास्त हसल्या. साहेबही हसायला गेले, पण अर्धेच हसले.

"दुसरी खिडकी बंद होणार म्हणे," आजी म्हणाल्या. "होऊ दे बाई. मग मी अंथरूणच घेऊन येईन."

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. "साहेब! तुम्ही इथं?"

सगळ्यांनी वळून साहेबांकडे पाहिले. साहेब उठू लागले, तशी आजींनी त्यांची बाही धरली. त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. "अहो, उठू नका, नंबर जाईल!"

आणि मित्रांनो, साहेब खरेच उठले नाहीत. शिपायाने दार उघडले, ताई आली, आतला गोड आवाज सुरू झाला. आजी उठल्या, बाकीचे सरकले, साहेबही सरकले. आपला नंबर येईपर्यंत ते माझ्यावर बसून राहिले. ऊन त्यांच्या मानेवर आले होते.

दुपारी ते कागद घेऊन पुन्हा बाहेर आले. लिहून झाल्यावर त्यांनी ताईला वाचून दाखवले. 'आमचे यंत्र उत्तम चालते,' अशी सुरुवात होती. बघा, पहिले वाक्य पुन्हा त्याचेच! मला इतके लागले की पुढचे थोडे ऐकूच आले नाही. मग ऐकले ते असे: 'परंतु टोकनाआधी लोक बाहेर बाकावर बसतात. माझ्याच सांगण्यावरून. मी आज तिथे बसून पाहिले. आतल्यापेक्षा बाहेरचा वेळ कितीतरी मोठा आहे. दोन्ही मिळून धरावेत आणि दुसरी खिडकी चालू ठेवावी.'

"चौकट जाईल सर," ताई म्हणाली.

"जाऊ दे. खिळा राहील, त्यावर कॅलेंडर लावू."

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन अशा कचेऱ्या चालवाल, किंवा त्यांचा अभ्यास कराल. तेव्हा आतले आकडे जरूर बघा, पण एकदा दाराबाहेर येऊन बसाही. बाक बरा नसला तरी चालेल. आणि असलाच, तर त्याला तसे सांगा. माझे त्या यंत्राशी अजून पटलेले नाही. ते चांगले आहे, हे मला ठाऊक आहे. तीच तर माझी अडचण आहे.

साहेबांनी पाकीट चिकटवले. रस्त्यापलीकडे टपालपेटी आहे, माझ्या जागेवरून सरळ दिसते. ते शिपायाला हाक मारतील असे मला वाटले होते. ते स्वतः गेले. पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थोडा वेळ थांबला. मग पाकिटासकट आत गेला आणि रिकामा बाहेर आला.