पोटात जपलेला विषमज्वर

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. स्वस्थता कशी असते ते मला ठाऊकच नव्हतं. घरच्या फ्रिजमधलं दूध नासलं तर दुसरं आणता येतं. माझ्या पोटातलं गेलं तर पुन्हा मिळणार नव्हतं. दिवा नुसता मिणमिणला तरी माझा जीव वरखाली होई.

माझ्या पोटात रोगजंतू होते. १९९४ पासून डॉ. निशिगंधा कांबळे ते जमवत होत्या. तापाच्या रुग्णाचं रक्त आलं की त्यातले जंतू त्या प्लेटवर वाढवत, ते कोणत्या औषधाने मरतात आणि कोणत्याला जुमानत नाहीत हे पाहत, आणि मग इवल्याशा कुपीत भरून माझ्या हवाली करत.

एकदा हातकणंगल्याच्या आक्काताई तणतणत आल्या. त्यांची लेक विषमज्वरातून नुकतीच उठली होती.

"बाई, माझ्या पोरीचा ताप बाटलीत भरून ठेवलाय म्हणं? फेकून द्या की त्यो!"

"आक्काताई, तिला आधीच्या औषधांनी गुण का आला नाही, ते ह्या जंतूकडूनच कळणार. उद्या दुसऱ्या कुणाची लेक आली तर तिचे असे हाल नकोत."

आक्काताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मग कुलूप तरी लावा त्याला!"

खरंच, मला कुलूप लागलं.

२००५ च्या पुरात शहराची वीज गेली. रुग्णालय जनरेटरवर चाललं होतं, पण डिझेलचा टँकर वाटेतच अडकला. वायरमन जोतीराम दारात येऊन घुटमळला.

"मॅडम, डिझेल संपत आलंय. वर काचेच्या पेटीत बाळं हायती. काय तरी बंद केल्याबिगर भागायचं न्हाय."

बाळांना ऊब हवी होती, मला गारठा. डॉक्टरांनी माझ्या दारावर क्षणभर हात ठेवला आणि स्वतःच माझा प्लग काढला.

माझी घरघर थांबली. ती शांतता मला सोसेना. डॉक्टरांनी कारखान्यातून बर्फ मागवला, माझ्या पोटात रचला, वरून गोणपाटं गुंडाळली. तरी माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं वाढतच गेलं.

वीज आल्यावर त्यांनी प्रत्येक कुपीतला थेंब प्लेटवर पसरला. कित्येक प्लेटा कोऱ्याच राहिल्या; त्या कुप्यांतले जंतू मेले होते.

"लई नुकसान झालं न्हवं?" जोतीरामने विचारलं.

"झालं. बाळं कशी आहेत?"

"समदी धडधाकट हायती की! एक तर आज घरी गेलं."

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि नव्या कुप्या पुढ्यात ओढल्या. पुरानंतरचे तापकरी बाहेर बसलेच होते.

आता तिथे नवा फ्रीझर आलाय. मी व्हरांड्यात उभा असतो. येणारेजाणारे माझ्यावर छत्र्या ठेवतात. मित्रांनो, ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नका. अर्धवट मारलेला जंतू जास्त चिवट होऊन परततो. त्याला ओळखायला कुणीतरी जपलेली एखादी कुपीच कामी येते. पुरात मेल्या त्या कुप्या आता कुणालाही भरता येणार नाहीत. उरल्यात तेवढ्या जपा.