दूध सोसायटीतला हिरवा खेकडा

मित्रांनो, मी एक म्हातारा खेकडा आहे. तुमच्या अंगठ्याएवढा, शेवाळासारखा हिरवा. समुद्रात जन्मलो म्हणे, पण समुद्र मला आठवत नाही. आठवते ती माजलगावजवळच्या एका दूध सोसायटीतली काचेची टाकी.

तेव्हा सोसायटी भरात होती. चेअरमन विठ्ठलरावांनी मुंबईत कुणाच्या तरी दिवाणखान्यात तसली टाकी पाहिली आणि हट्टानं आणवली. खारं पाणी, पोवळ्याचे खडक, चार रंगीत मासे आणि मी. दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून बघत राहायची. मासे नुसते मिरवायचे. खडकांवरचं शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवायचो मी, आणि कौतुक त्यांचं! राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, हे तुमच्याकडेही चालतं म्हणा.

मग सलग दोन वर्षं पावसानं दडी मारली. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, विठ्ठलराव फिरकेनासे झाले. टाकीकडे बघणारी उरली ती एकटी झाडलोट करणारी मंजुळाबाई. तिचा मुलगा आणि सून लांब ऊसतोडीला गेले होते. ती टाकीसमोर बसून भाकरी खायची आणि आमच्याशी बोलायची.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर उडायचं. मंजुळाबाई टँकरचं पाणी घालायची आणि वर मूठभर मीठ. समुद्रातले जीव, त्यांना खारट लागणारच, अशी तिची भाबडी समजूत. पण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. माझे पाय जड झाले. एकेक करत चारही मासे गेले. जन्मभर मी त्यांचा हेवा केला, पण ते गेल्यावर मला खडकाबाहेर यावंसं वाटेना.

मंजुळाबाई रडतच अजीजकडे गेली. दूध थंड करायचं मशीन तोच सांभाळायचा.

"अजीज, काहून मरायलेत रे हे? मीठ तर रोज घालते मी!"

अजीजनं कपाळावर हात मारला. "मावशी, ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी उडालं तर आपण ॲसिड वततो का? निस्तं पाणी वततो. ह्याचं बी तसंच हाय. मीठ आतच ऱ्हातंय."

त्या दिवसापासून मंजुळाबाई आपल्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर मला घालू लागली. टँकर चार दिवसांनी यायचा. तिचे ओठ सुकलेले मला काचेतून दिसायचे.

शेवटी सोसायटीला कुलूप लागलं. अजीज कामासाठी पुण्याला गेला. टाकी रिकामी करा, असा विठ्ठलरावांचा निरोप आला. मंजुळाबाईनं टाकीचं पाणी बादलीत घेतलं, मला त्यात सोडलं आणि थेट धरणाची वाट धरली.

"तुला गोडच पाणी मानवतं, न्हाई का?" ती वाटेनं म्हणाली. "धरणात अजून डबकं हाय. मोकळा फिर बाबा."

मित्रांनो, नुसत्या गोड्या पाण्यात मी फार वेळ जगलो नसतो. पण सांगणार कसं? तिनं मला तळहातावर घेऊन हात पाण्यात बुडवला. सगळं अंग चरचरलं. मी होते नव्हते तेवढे पाय तिच्या बोटाला घट्ट आवळले. तिनं हात झटकला. मी सोडलं नाही.

"सोडंना की गं बाई!" ती रडता रडता हसली. "लई जीव लागला माझ्या लेकराला."

तिनं मला परत बादलीत टाकलं.

आता मी तिच्या घरी प्लास्टिकच्या टबात राहतो. दोन खडक आणि अजीजनं जाताना दिलेला हवेचा छोटा पंप सोबतीला आहेत. माझ्या जातीचं कुणी मला पुन्हा भेटायचं नाही. मंजुळाबाई मुलाच्या फोनची वाट बघते आणि मी तिची.

मुका जीव घरी आणाल, तर त्याला काय लागतं ते आधी जाणत्याला विचारा, मित्रांनो. नुसत्या मायेनं मासे वाचत नाहीत. त्या दिवशी मी जिवाच्या भीतीनं बोट धरलं होतं. मंजुळाबाईला ते कधीच कळू नये. हल्ली ती टबात बोट बुडवते, तेव्हा मी आपण होऊन जातो आणि धरतो.