पिवळं पाणी

सकाळी सातलाच टाकीसमोर पाचशे माणसं कॅन घेऊन उभी होती. पुढे चौथऱ्यावर झरेबाबा बसले होते, पांढरेशुभ्र आणि कडक इस्त्रीतले. समोरच्या टेबलावर नळाच्या पाण्याने भरलेला जग आणि दोन पेले होते.

"लेकरांनो, हे पाणी दिसायला कसं?"

"स्वच्छ!" गर्दी ओरडली.

"आणि आतून?" बाबांनी एका बाटलीतले चार थेंब पहिल्या पेल्यात टाकले. बघता बघता पाणी पिवळं झालं. "हे विष! पोरांना सर्दी का होते? विष. सुनेचं सासूशी का पटत नाही? विष. गुडघे का दुखतात?"

"विष!"

मग त्यांनी दुसऱ्या पेल्यात आपल्या 'शांतिकण' नावाच्या पांढऱ्या खड्यांची चिमूट टाकली, डोळे मिटून फुंकर मारली आणि तेच चार थेंब सोडले. पाणी जसंच्या तसं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटी टाकीतलं, म्हणजे बाबांच्या 'गुप्त झऱ्याचं' पाणी आलं. ते तर कणांशिवायच पिवळं होईना. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर नळाला तोंड कोण लावणार?

गर्दीच्या शेवटी एक बाई उभी होती. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं नमुने तपासत होती. खांद्याला कायम बाटल्यांची पेटी, म्हणून सगळे तिला बाटलीबाई म्हणत. तिची धाकटी बहीण गरोदर असताना सासूच्या आग्रहाने सहा महिने याच टाकीचं पाणी प्यायली. सातव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले, मग अंग, आणि अकराव्या दिवशी ती आणि पोटातलं बाळ दोघंही गेली. डॉक्टरांनी कागदावर कावीळ लिहिलं. सासू म्हणाली, "चोरून नळाचं प्यायली असणार." आणि मागे राहिलेल्या चार वर्षांच्या छकुलीला ती अजूनही याच कॅनमधलं पाणी पाजत होती. या क्षणीसुद्धा ती रांगेत छकुलीचा हात धरून उभी होती.

"ताई, मी याचं तंगडंच मोडतो," शेजारी उभा असलेला मेहुणा दात खात म्हणाला.

"नको. मार खाल्ला की तो देव होईल. मला त्याची सही हवी आहे."

ती पुढे गेली आणि अगदी गरीब चेहरा करून हात जोडून उभी राहिली.

"बाबा, नियम आहे. जो लोकांना प्यायला पाणी पुरवतो, त्याच्या पाण्याचा नमुना घ्यावा लागतो. तुमचं मोठेपण सरकारी कागदावर यायला नको का?"

बाबांना गुदगुल्या झाल्या. "लिही, बाई, लिही!"

"पाणी कोण पुरवतं?"

"मी!"

"शुद्ध कोण करतं?"

"माझ्याशिवाय कोण करणार?"

"सुरक्षित असल्याची जबाबदारी?"

"सर्वस्वी माझी!" बाबा गर्दीकडे वळून गरजले. पुन्हा टाळ्या पडल्या. बाटलीबाईने शब्द न् शब्द लिहून घेतला आणि कागद पुढे सरकवला. बाबांनी खऱ्या नावाने झोकदार सही ठोकली.

तिने टाकीची तोटी ज्योतीने शेकून जंतू मारले. लोकांना वाटलं, बाई भक्तिभावाने ओवाळतेय. मग तिने नमुन्याची बाटली भरून सील केली आणि तपासणीची एक छोटी कुपीही भरली. आणि मग पेटीतून एक नवी, बंद बाटली काढली.

"बाबा, थोडा चमत्कार मलाही येतो."

तिने त्या बाटलीत टेबलावरच्या जगमधलं नळाचं पाणी ओतून हलवलं आणि बाबांच्याच बाटलीतले चार थेंब टाकले. ना मंत्र, ना फुंकर. पाणी पिवळं झालं नाही.

"बाईला सिद्धी आली!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"सिद्धी कसली डोंबलाची! बाटलीच्या तळाशी हायपो आहे," बाटलीबाई म्हणाली. तिचा गरीब चेहरा आता गेला होता. "पूर्वी फोटो धुवायला वापरायचे ते खडे. यांचे शांतिकण तेच. हे पाण्यातलं क्लोरीन मारतात. आम्ही नमुन्याच्या बाटलीत मुद्दाम घालतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत बसतं आणि घाण पाणी चांगलं ठरतं. आणि हे पिवळं म्हणजे विष नाही. क्लोरीन पाण्यात आहे, पहारा जागा आहे, एवढंच ते सांगतं. शेवटच्या घरच्या नळालासुद्धा ते दिसलं पाहिजे असा नियम आहे. आम्ही रोज पिवळं शोधत फिरतो आणि हा माणूस पिवळं घालवून तुमच्याकडून टाळ्या घेतो. याच्या टाकीत तर पहाराच नाही."

"नास्तिक बाई! हिला बाहेर काढा!" बाबा ओरडले. पण पुढच्या दोघा-तिघांनी आपापले कॅन हळूच खाली ठेवले होते.

काविळीचा रुग्ण निघाला की निकाल येईपर्यंत तोटी बंद ठेवायचा अधिकार नियमाने तिला होता. तिने तोटीला साखळी घातली आणि लाखेचं सील मारताना हात जरा जास्तच जोराने दाबला.

तिसऱ्या दिवशी ती पोलिसांना घेऊन आली. निकाल पाणी भरण्याच्या जागीच लावायचा, असाही नियम आहे. तिने कागद टाकीवर चिकटवला आणि कुपी उंच धरली. आतलं पाणी काळंकुट्ट झालं होतं.

"काळं म्हणजे पाण्यात मैला आहे," ती म्हणाली. मग तिने सगळ्यांना टाकीमागच्या भिंतीपलीकडे नेलं. गुप्त झरा म्हणजे एक बोअर होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर भक्तांच्या संडासांचा शोषखड्डा. इतके महिने भक्तांचंच भक्तांना परत मिळत होतं, वर बाबांचा आशीर्वाद!

"बोअर माझी नाही! भक्तांनी खणली! मला काय माहीत?" बाबा चाचरले.

बाटलीबाईने कागद काढून मोठ्याने वाचला. "सर्वस्वी माझी." खाली सही होती. ते वाचताना तिला बरं वाटलं. तिने ते पुन्हा एकदा वाचलं.

गर्दी पांगल्यावर सासू तिच्यासमोर आली. "म्हणजे... मीच पाजलं तिला?"

तोंडावर आलेलं बोलणं फार कडू होतं. बाटलीबाईने त्यातलं निम्मं गिळलं. "हो काकू, पाजलं तुम्ही. फसवलं त्याने. आता छकुलीला पाजण्याआधी तरी पाणी कुठलं ते विचारा."

पोलिस ठाण्याचा नळ बाटलीबाईच्या फेरीतच आहे. पुढच्या आठवड्यात तिने तिथे थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं. गजांआडून बाबांनी रिकामा पेला पुढे करत विचारलं, "बाई, हे चांगलं आहे ना?"

"प्या बिनधास्त. तुम्ही ठणठणीत राहायला हवं. खटला लांब चालणार आहे."

परतल्यावर प्रयोगशाळेच्या दारात सासू उभी दिसली. हातात झाकलेला तांब्या होता. "नळाचंच आहे. पिवळं होतंय का बघ ना, छकुलीला द्यायचंय." बाटलीबाईने एका नळीत पाणी घेतलं आणि थेंब टाकून ती नळी तिच्याच हातात दिली. पाणी पिवळं झालं तशी म्हातारी रडायला लागली.

उद्या कुणी तुमच्यासमोर पेला उंचावून चमत्कार दाखवला, तर टाळी जरा थांबवा. पाणी कुठलं, तपासलं कुणी आणि निकालाचा कागद कुठे आहे, हे विचारा. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही, रागावतो तो फक्त चोर. बाटलीबाईच्या बहिणीने हे एकदा विचारलं होतं. घरातल्यांनी तिला गप्प बसवलं होतं.