दाराचा रंग शेवटी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांना ऐकू गेलं नाही तर पुढच्यांनी सांगावं, फक्त पदरचं घालू नये. आज एका दाराची गोष्ट सांगते, आणि ते दार अजून कुणीच पाहिलेलं नाही.

एका गल्लीत खोल्यांची बैठी रांग होती. टोकाच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या आत्या राहायच्या, शेजारी त्यांची भाची पोस्टरं छापायची. मालकानं सगळ्यांना निरोप धाडला : भाडं दुप्पट, नाहीतर खोली रिकामी करा. आत्यांचं मशीन दिवसरात्र चाललं असतं तरी एवढं भाडं शिवून निघालं नसतं. उतारवयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठे?

भाचीनं पोस्टर करायला घेतलं. पहिल्या कागदावर नुसतीच ठसठशीत अक्षरं, घरं परवडत नाहीत म्हणून.

आत्या दातानं दोरा तोडत म्हणाल्या, "तापानं फणफणलेल्याला ताप आलाय म्हणून सांगतेस होय गं?"

"मग काय काढू?"

"घर काढ. राहावंसं वाटेल असं."

भाचीनं घर काढलं. उतरतं छप्पर, पिवळ्या खिडक्या, कुंडीत फुलं, कठड्यावर झोपलेलं मांजर. अशा छपाईत एकेका रंगाची जाळी वेगळी असते. जाळी कागदावर ठेवायची, रबरी पट्टीनं रंग ओढायचा, कागद वाळवायचे, मग पुढची जाळी. दाराचा लाल रंग भाची शेवटी ओढणार होती. ओले कागद आत्यांच्या खोलीतल्या दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगले होते. आत्या त्यांच्याखालून वाकून ये-जा करत होत्या.

सकाळी भाची लाल रंग कालवून आली, तर दोऱ्या मोकळ्या.

"आत्या, कागद कुठायत?"

"पोस्टरं चिकटवणारा आला होता खळ घेऊन. दिले त्याला."

भाचीनं रंगाचं भांडं खाली ठेवलं. "अगं, दार राहिलं होतं. बटणं लावायच्या आधीच सदरा गिऱ्हाइकाला दिलास तू."

आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "राहिलं होतं? मला वाटलं, तेच तर म्हणायचंय तुला."

भाची गल्लीत धावली. भिंतीभिंतीवर ते देखणं घर लागलं होतं आणि प्रत्येकापुढे कुणी ना कुणी मान वाकडी करून उभं होतं. दूधवाला म्हणाला, "आत जायचं कुठून?" त्याची बायको म्हणाली, "तुम्हाला कुणी बोलावलंय?" दोघं हसले, आणि मग पुन्हा चित्रात दार शोधू लागले.

दुपारी मालक आले. पोस्टरासमोर बराच वेळ थांबून आत्यांच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "आजी, चित्रात दार काढायचं राहिलंय."

"राहिलंय खरं. लाल रंग कालवून ठेवलाय. तुम्ही म्हणाल तेव्हा काढू."

मालक ओशाळले. "तुमचं भाडं आहे तेच राहू दे. कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

बघा, ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते हातात आलं होतं. आत्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "माझ्या एकटीला दार दिलंत, तर शेजारणीनं खिडकीतून उडी मारायची का? द्यायचं तर सगळ्या रांगेला द्या."

मालक निघून गेले. भाची म्हणाली, "आत्या, लक्ष्मी दारात आली होती."

"ती मला एकटीलाच जेवायला वाढणार होती. मला तसं गिळवत नाही."

मग मालक तोच गुपचूप सौदा घेऊन दारोदार फिरले, आणि जिथे गेले तिथे आत्यांचंच उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी साऱ्या रांगेचं भाडं वर्षभर होतं तेच ठेवलं. एकच वर्ष, म्हणून भाची कुरकुरली. आत्या म्हणाल्या, "देव तरी कुठे एकदम देतो? श्वाससुद्धा एकेकच देतो."

लाल दाराची जाळी अजून भिंतीला टेकून कोरी उभी आहे. तर मंडळी, आज घरी जाऊन आतून कडी लावाल, तेव्हा क्षणभर हात तिथेच राहू द्या आणि त्या आत्यांची आठवण काढा.