सालेजची वाट

विकर म्हणजे एन्झाइम आणि विकार म्हणजे दुखणं. फरक एका कान्याचा, पण त्या कान्यापायी दोन माणसांचं लग्न झालं.

तरुणपणी तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. प्रयोगशाळेतल्या एका बाईंचा लेख आला, त्यात पानोपानी ‘विकर’. शिकल्यासवरल्या बाईला साधा काना देता येऊ नये, असं हळहळत त्यानं इमानेइतबारे सगळीकडे दिला. लेख छापून आला, ‘फळांच्या सालीतला नवा विकार’. बाई भांडायला आल्या त्या कायमच्याच.

निवृत्तीनंतर, पापक्षालन म्हणा हवं तर, तो ऑनलाइन ज्ञानकोशात विकरांच्या लेखांची नावं लावत बसे. एकाच विकराला दोन-दोन नावं, दोन-दोन लेख, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्यानं नियम घालून दिला: एक विकर, एक लेख, ज्यानं आधी शोधलं त्यानं दिलेलं नाव वर. नियम मोडणाऱ्याला तो असा झापे की बाकीचे संपादक त्याला ‘सासूबाई’ म्हणत.

एक लेख मात्र तो स्वतःच्या हातानं रोज झाडूनपुसून ठेवी. ‘सालेज’. बायकोनं सालीत शोधलेलं विकर. तिचं संशोधन ते एवढंच. पुढे श्वासाच्या दुखण्यानं प्रयोगशाळा सुटली आणि आता पलंगही सुटत नव्हता.

एका दुपारी ‘चिमटा’ नावाच्या संपादकाचा निरोप आला. ‘सासूबाई, सालेज आणि हे दुसरं विकर एकच आहे. ते आधी शोधलं गेलंय. पुरावे जोडलेत. आपल्याच नियमाप्रमाणे विलीन करावं.’

त्यानं पुरावे तपासले. चिमट्यानं एकही काना चुकवला नव्हता. मग त्यानं लेखावर ‘चर्चा सुरू आहे’ अशी पाटी लावली आणि कुणाशीच चर्चा केली नाही.

“तोंड का पाडलंय?” पलंगावरून बायको म्हणाली. “द्या तो लॅपटॉप इकडे.”

“अगं, काही नाही. भोचक माणूस आहे एक.”

तिनं दम खात सगळं वाचलं. “बरोबर आहे त्याचं. करा विलीन.”

“तुला वाईट नाही वाटणार?”

“वाटेल की. त्याला काय पुरावा लागतो?”

“मी नियम बदलतो.”

“अहो, एकदा माझ्यासाठी काना दिलात, तेवढं पुरे झालं,” ती म्हणाली. “आता शास्त्र वाकवू नका.”

त्यानं बटण दाबलं. तिनं लगेच शोधाच्या चौकटीत ‘सालेज’ लिहून पाहिलं. पान क्षणभर थबकलं आणि त्या दुसऱ्या विकरावर जाऊन थांबलं. वर बारीक अक्षरांत ओळ होती: ‘सालेज’वरून इथे आणले.

“बघा,” ती म्हणाली, “घर गेलं तरी पाटी राहिली.”

हिवाळा सरायच्या आत ती गेली.

पुढे कधीतरी चिमट्याचा पुन्हा निरोप आला. ‘सासूबाई, सालेजवरून इकडे आणणारी ती वाट काढून टाकू का? कुणी वापरत नाही. रोज सकाळी कुणीतरी एकच वाचक येतो, बस्स.’

त्यानं चष्मा पुसला. उत्तरातलं शुद्धलेखन दोनदा तपासलं.

‘राहू द्या,’ त्यानं लिहिलं. ‘वाचक म्हातारा आहे. त्याला दुसरी वाट माहीत नाही.’