आईने बांधून दिलेली शिदोरी

मी एक जुने अंडे आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! नुकतेच माझे कवच फुटले आणि आता मला मासोळीचे पिल्लू म्हणतात. पण आईच्या पोटात मी इतका काळ काढला, की जुने म्हणवून घेण्याचा हक्क मला आहे.

तिथे मी आधी टाचणीच्या टोकाएवढे होते. आईच्या यकृतात तयार होणारे सत्त्व रक्तातून माझ्यापर्यंत येई आणि माझा बलक वाढे. मग आईच्या टाकीत रोगाची साथ आली. आईच्या अंगावर लाल चट्टे उठले, तिने खाणे सोडले. माझ्यापर्यंत काही पोहोचेना. आईबरोबर मीही संपणार, या भीतीने माझा थरकाप उडाला.

आई कशीबशी वाचली. त्या झुंजीत तिच्या रक्तात रोगाला अडवणारी प्रतिपिंडे तयार झाली होती. तीही तिने माझ्या बलकात भरली. लेकराला परगावी धाडताना आई डब्यात जरा जास्तच कोंबते, तसेच.

आमचे मत्स्यबीज केंद्र दोन जावा चालवतात. थोरली करड्या शिस्तीची, धाकटी मऊ. अंडी काढताना थोरली म्हणाली, "दुखणेकरी मासळीची अंडी? आपल्या हातानं रोग आणशील, बाई!"

"ती बरी झालीय हो, जाऊबाई. वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते."

"ठेव. पण डोळे दिसले की ओतून बघायची. निम्मी पांढरी पडली, तर सगळा ट्रे खड्ड्यात!"

आमच्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले, की आम्हाला उंचावरून बादलीत ओततात. जीव न धरलेली अंडी त्या धक्क्याने पांढरी पडतात. तो दिवस उजाडला आणि माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. मी धाडकन आपटले. शेजारचे पांढरे पडले, त्याच्या पलीकडचेही. मी पांढरे की जिवंत, हे मलाच दिसत नव्हते. पांढरी अंडी वेचणारा थोरलीचा चिमटा माझ्यावर आला, थबकला आणि पुढे गेला.

"पांढरी निम्म्याच्या आत आहेत," धाकटी म्हणाली.

आम्ही कवचातून बाहेर आलो आणि तीच साथ परतली. शेजारच्या ट्रेमधली पिल्ले उताणी तरंगू लागली. आमच्यातली बहुतेक तगली. थोरली कितीतरी वेळ आमच्यावर वाकून उभी होती.

"यांची आई कुठल्या टाकीत आहे गं?"

"अंडी काढली त्याच दिवशी तुम्ही तिला बाजारात पाठवलीत, जाऊबाई."

थोरलीने स्टूल ओढले आणि ती आमच्या ट्रेशेजारी बसली.

मित्रांनो, माझ्या पोटाखाली बलकाची पिशवी आहे. ती रोज लहान होते आहे आणि तिच्याबरोबर आईची प्रतिपिंडेही सरत चालली आहेत. माझी स्वतःची अजून तयार झालेली नाहीत. मला फार भीती वाटते. आमचे पाणी स्वच्छ ठेवा. पिल्लू हवे असेल, तर आधी त्याच्या आईला जपा. माझी शिदोरी संपत आली आहे आणि ती पुन्हा बांधून द्यायला आता कोणी नाही.