कानबाईच्या दिवसाचा आकडा

"सोमवारे बॉयलरले सील मारतीन," योगराज म्हणाले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

मी गच्चीवर मशीनच्या बाटल्या बदलत होते. हातातली काचेची बाटली बर्फाच्या पेटीत नीट उभी करेपर्यंत मी तोंड उघडलं नाही, कारण बाटली सांडली तर चार तासांची हवा वाया जाते. मग विचारलं, "का?"

"प्रदूषण बोर्डनं पत्र उनं. म्हने, आठली हवा खराब व्हयनी. तुन्ह्या मशीनमाच निंघनं ते."

"कोणत्या दिवशी?"

त्यांना तारीख पाठ होती. मिलमध्ये एव्हाना सगळ्यांनाच पाठ झाली असेल. तो श्रावणातला आमच्या कानबाई देवीच्या सणाचा रविवार होता. त्या दिवशी हवा कोणी खराब केली हे अख्ख्या सुरतेत फक्त मला ठाऊक होतं.

तसा मला काळजी करायला मुहूर्त लागत नाही. लेक छाया शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी मी पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत जाऊन उभी राहते. पण ही काळजी निराळी होती. माझे यजमान योगराज मिलच्या बॉयलरवर कामाला होते. साड्या छापायची ती मिल आमच्या गच्चीवरून दिसते, तीनशे माणसं तिथे कामाला, त्यातली निम्मी आमच्या शिरपूर-नंदुरबारकडची. बॉयलर थंड झाला की रंग उकळायचा बंद, रंग बंद की मिल बंद.

मशीनचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवमध्ये, कॉलेजचे नायक सर गच्च्या बघत फिरत होते. आमची गच्ची त्यांना पसंत पडली आणि दहावी झालेली, दिवसभर घरी असणारी बाई म्हणून मीही. पत्र्याच्या छपराखाली त्यांनी ते कपाटाएवढं मशीन बसवलं. आठवड्यातून दोनदा ते चोवीस तास हवा ओढतं. हवा बाटलीतल्या औषधातून बुडबुडे काढत जाते आणि तिच्यातला गंधकाचा वायू त्या औषधात अडकतो. चार-चार तासांनी मी बाटली बदलायची, बर्फात ठेवायची, कागदावर वेळ लिहायची. औषध पाण्यासारखं दिसतं. प्रयोगशाळेत त्यात आणखी काही घातलं की जांभळट गुलाबी रंग चढतो. जितका रंग गडद, तितका वायू जास्त. सरांनी एकदा मला नेऊन दाखवलं होतं आणि मी घरी येऊन आठ दिवस तेच सांगत होते.

सर गुजरातीत बोलायचे, मी मराठीत, आमचं छान जमायचं. एकदा ते म्हणाले, परदेशातला एक उपग्रह आता वरून असे वायू मोजतो. मी म्हटलं, मग माझी काय गरज? तर म्हणाले, "बेन, त्याला सुरत, नवसारी, भरूच मिळून एक ठिपका दिसतो. गल्ली त्याला दिसत नाही, ती तुम्हाला दिसते." हे वाक्य मी सासूबाईंना दोनदा ऐकवलं. त्यांनी दोन्ही वेळा "बरं मास्तरीन, आते भाजी निवड," म्हणून माझी हवा काढली.

सरांची अट एकच होती. मशीनजवळ काही पेटवायचं नाही, आणि कधी पेटलंच तर कागदावर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं.

आता तो रविवार. कानबाईला आमची सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. त्या वर्षी पाळी आमची, माणसं सव्वीस, खोल्या दोन. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, गॅसवर करायचे नाहीत, हा प्रमिलाबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, कायदा. श्रावणात लाकडं ओली. म्हणून योगराजांनी बॉयलरच्या ढिगातला भुरा कोळसा दोन पोती भरून आणला. हा कच्छकडचा कोळसा, पेटला की काडेपेटीसारखा वास येतो. मिलच्या गेटवरचा चिंधा आमच्याच गावचा, त्याने मान वळवली. मी सगडी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला मांडून दिली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि खाली देवीच्या मखराला लागले.

तासाभराने वर आले तर पाऊस लागलेला, आणि सासूबाईंसह रोट करणाऱ्या पाच बाया सगडी घेऊन मशीनच्या पत्र्याखाली. धूर थेट मशीनच्या तोंडात. बाया गात होत्या आणि मशीन घरघरत होतं.

"आत्याबाई, इथे कशाला आणली?"

"पानी उना ते कानबाईना रोट वला करू का?" सासूबाई म्हणाल्या. "रोट लाग्यावर चुल्हा हालत नही. तू जाय, पुरण दख."

मशीनचं बटण माझ्या हातापासून वीतभर होतं. बंद केलं असतं तर का बंद केलं ते लिहावं लागलं असतं. लिहिलं असतं तर सर म्हणाले असते, तुमच्या गच्चीवर स्वयंपाक होतो, मशीन दुसरीकडे नेतो. आणि ते मशीन मला कोणाला द्यायचं नव्हतं. मी बटण बंद केलं नाही. दोन बाटल्या त्या धुरात भरल्या. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला आणि खाली पुरण दखायला गेले, शहाणी.

एरवी वीस-पंचवीसमध्ये फिरणारा आकडा त्या दिवशी दीडशेच्या वर गेला. त्या मिलबद्दल आधीच तक्रारी होत्या, बोर्डाला हातात काहीतरी हवंच होतं. ते मी दिलं.

हे सगळं मी योगराजांना तिथेच, जिन्यावर सांगितलं.

"कोनले सांगू नको," ते म्हणाले.

"मग सोमवारी सील लागेल."

"आनि सांगं ते पहिला सवाल कोयसा कथाईन उना. मन्ही नोकरी जाई, वर चोरी लागी. चिंधा बी जाई."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. "देवीना रोट शे तो. त्यान्हावर बोट दखाडशी का तू?"

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या किसनची बायको पुष्पाबाई पीठ मागायला आली. किसन योगराजांच्याच पाळीत होता, त्यांची मुलगी अंगणवाडीत. "काय व्हई वं ताई, तुले ते मशीननं समजस ना?" असं तिने विचारलं आणि मी तिला मापाच्या दुप्पट पीठ देऊन बसले. ती गेल्यावर मला रडू आलं. एका रकान्यात चार शब्द लिहिले असते तर ही बाई आज नेहमीसारखी माझ्या भाकरीला नावं ठेवत बसली असती.

शनिवारी सकाळी मी कोणाला न विचारता कॉलेजात गेले. सरांसमोर उभं राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. रोट, पाऊस, सगडी, कोरा रकाना. कोळसा कुठला ते तेवढं गिळलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्षं मी त्या मिलच्या मागे आहे, बेन," ते म्हणाले. "पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं होतं."

"चूक माझी, सर," मी म्हटलं.

"कोळसा कसा होता? भुरा? काडेपेटीचा वास?"

मी मान हलवली. तो कोळसा दुकानात मिळत नाही हे माझ्यापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

"गंमत बघा," ते म्हणाले, पण त्यांना गंमत वाटत नव्हती. "तुमच्या एका सगडीने एवढा आकडा. तिथे रोज ट्रक ट्रक हाच कोळसा जळतो. धूर चिमणीतून उंच जातो आणि लांब कुठेतरी उतरतो. वारा पडला की तुमच्याच गल्लीत उतरतो. एक ना एक दिवस तुमच्या बाटलीत तो सापडला असता. पण हा आकडा खोटा आहे, म्हणून मला तो खोडावाच लागणार."

त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. 'गच्चीवर मशीनजवळ कोळशाची सगडी पेटली होती.' सही केली आणि छातीवरचं ओझं उतरलं. सर त्याच दुपारी कागद घेऊन बोर्डात गेले. सोमवारी सील लागलं नाही.

मंगळवारी मिलच्या शेठनी योगराजांना आत बोलावलं. बोर्डाच्या पत्राबरोबर माझ्या कागदाची नक्कलही मिलमध्ये पोचली होती आणि 'कोळशाची सगडी' वाचून शेठना काय कळायचं ते कळलं होतं. योगराज जाताना मला म्हणाले, "छायानी फी भरेल शे ना?" बस, एवढंच. तास झाला, दोन तास झाले. मी भांडी घासली, तीच पुन्हा घासली. सासूबाई देवासमोर बसून होत्या, माझ्याशी त्या शनिवारपासून बोलत नव्हत्या.

योगराज आले ते पेढ्यांचा पुडा आणि साडीचा खोका घेऊन.

"शेठ खूश शे," ते म्हणाले. त्यांचं तोंड उजळलं होतं, आठ दिवसांत पहिल्यांदा. "म्हने, तुन्ह्या बाईनं मिल वाचाडी. दोन पोतं काय, अजून ली जाय."

सासूबाईंनी पेढा देवापुढे ठेवला. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नव्हता. योगराज खोका खाली ठेवत नव्हते.

"अजून काय म्हणाले शेठ?"

"काही नही. म्हने, यान्हा पुढे कधी आकडा वर जाई असं वाटनं, ते बाईले तसंच लिखाले सांग. सगडी पेटेल व्हती म्हनीसन."

"आणि नाही लिहिलं तर?"

ते खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "ते दोन पोतं त्यास्ना वहीमा लिखेल शेत. मन्हा नाववर. चिंधानी सही लिधी."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडता आलं नाही. घामाने पाठ पांढरी झालेल्या सदऱ्यात उभा असलेला माणूस, पंधरा वर्षं आगीसमोर काढलेली, आणि चोरी केली ती कशासाठी, तर आईच्या देवीसाठी. मी साडी कपाटात ठेवली. तिची घडी आजही मोडलेली नाही.

गुरुवारी मशीन चालू होतं. दुपारी वारा पडला आणि चिमणीचा धूर खाली वाकून आमच्या गल्लीत उतरला. सर म्हणाले होते तस्साच. गच्चीवर डोळे चुरचुरायला लागले, खाली पुष्पाबाईची पोरगी खोकत होती. मशीन तो धूर ओढत होतं, बाटलीत बुडबुडे उठत होते. जे सरांना तीन वर्षं हवं होतं ते माझ्यासमोर भरत होतं, खरंखुरं. आणि सगडी दुसऱ्या टोकाला पालथी पडली होती.

योगराज रात्रपाळीचे, म्हणून घरी होते. ते वर आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"लिख ना," ते हळू म्हणाले. धमकी नव्हती त्यात, विनवणी होती.

मी पेन हातात घेतलं. लिहिलं तर मी पुन्हा कधीही नायक सरांकडे वर बघू शकणार नव्हते. नाही लिहिलं तर हा माणूस चोर ठरणार होता. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, छायाच्या वेळच्या बाळंतपणातसुद्धा नाही. शेवटी मी बाटली काढली, बूच उघडलं आणि औषध मोरीत ओतून दिलं. कागदावर लिहिलं, 'बाटली सांडली.'

संध्याकाळी एसटीडीच्या बूथवरून सरांना फोन केला. म्हटलं, मशीन घेऊन जा.

ते शनिवारी चार माणसं घेऊन आले. "कारण काय, बेन?"

"गच्ची गळते."

सरांनी गच्चीभर नजर फिरवली, मग मिलच्या चिमणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. योगराज जिन्यात उभे होते, त्यांच्याकडेही पाहिलं. सरांना कळलं असावं.

"तीन पावसाळे गळली नाही," ते म्हणाले.

"आता गळते, सर."

माणसांनी मशीनला दोर बांधले. ते जिन्यातून उतरेपर्यंत मी "सांभाळून, तिथे पायरी मोडलेली आहे," असं सारखं म्हणत होते. सरांनी जाताना सांगितलं की कडोदऱ्याच्या रस्त्यावर एका दवाखान्याची गच्ची मिळाली आहे. "वारा तिथून पुढे मिलकडे जातो," ते म्हणाले. "मिलचा धूर तिथे पोचत नाही. आकडा चांगला येईल." एवढं बोलून ते टेम्पोत पुढे बसले.

सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः चहा करून माझ्यासमोर ठेवला. योगराज जवळ येऊन बसले. "तुले राग उना का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. राग नव्हता, नुसतं रिकामं वाटत होतं.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. वारा पडला होता. छायाच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर, कॉलरपासून खालपर्यंत, काळे बारीक कण बसले होते. झटकले तर ते पसरले. खालून पुष्पाबाईने हाक मारून विचारलं, "ताई, आज धूर जास्त शे का वं?" तिला सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता. "काय माहीत बाई," मी म्हटलं, आणि सदरा परत बादलीत भिजत टाकला.